तीच आकडेवारी, उलटे निष्कर्ष

कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत गुडघा सोलवटून घेतलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात लंगडत येतो. गुडघा लाल, गरम, सुजलेला. याला दाह म्हणतात, आणि 'पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात' एवढ्या वाक्यात आपण तो विषय आटोपतो. प्रत्यक्षात इजेनंतर काही तासांतच या पेशी आपल्या जनुकांचा कारभार बदलू लागतात. काही जनुके जोमाने कामाला लागतात, काही मंदावतात. जबर अपघातात सापडलेल्यांच्या श्वेतपेशींत ८० टक्क्यांहून अधिक जनुकांची क्रियाशीलता बदलते, असे २०११ साली अमेरिकेतील संशोधकांना आढळले.

याच गटाने २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक खळबळजनक निबंध छापला. अपघातग्रस्त, भाजलेले रुग्ण आणि जंतूंच्या आवरणातील विष अल्प मात्रेत टोचून घेतलेले स्वयंसेवक यांच्यात बदललेली सुमारे पाच हजार जनुके त्यांनी उंदरांत तपासली. अपघातग्रस्त व भाजलेली माणसे एकमेकांशी छान जुळली (सहसंबंध गुणांकाचा वर्ग ०.९१). उंदीर मात्र माणसाशी जुळेनात. तो आकडा ०.१ च्या वर गेला नाही. रक्तदोषावरील सुमारे दीडशे औषधचाचण्या का फसल्या, याचे उत्तर त्यांना यात दिसले.

पुढच्याच वर्षी जपानच्या ताकाओ आणि मियाकावा यांनी तीच आकडेवारी घेऊन त्याच नियतकालिकात निबंध लिहिला. मथळाही तोच, फक्त 'फारसे जुळत नाहीत'च्या जागी 'उत्तम जुळतात'!

खोटे कोणीच बोलत नव्हते. जपानी लेखकांनी माणूस व उंदीर या दोहोंत लक्षणीय बदललेली जनुकेच घेतली. उत्तीर्ण मुलांचीच सरासरी काढून शाळेचा निकाल सांगावा, तसे हे आम्हाला वाटते. तरी ते अगदी निरर्थक नाही, कारण निवडलेली जनुके दोघांत उलट दिशांनीही बदलू शकली असती. अमेरिकनांची यादी माणसावरून केलेली. उंदरात जी हललीच नाहीत ती जनुकेही तिच्यात आली आणि आकडा खाली ओढला गेला. शिवाय उंदीर काही दिवसांत सावरतो, माणसाला महिने लागतात. तेव्हा कोणता दिवस कोणत्या दिवसाशी ताडायचा?

आमचा मोठा आक्षेप दोघांवरही आहे. मोजले गेले ते रक्तातील सर्व श्वेतपेशींचे मिश्रण. माणसाच्या श्वेतपेशींत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात, उंदरात बहुसंख्य लसिकापेशी. इजेनंतर न्यूट्रोफिल वाढतात, लसिकापेशी घटतात. दहावीच्या वर्गात पाचवीची मुले आणून बसवली तर सरासरी उंची घटते, पण एकही मूल खुजे झालेले नसते. त्याचप्रमाणे एखाद्या जनुकाचा संदेश वाढलेला दिसला, तर पेशीने जनुक चेतवले की तसल्या पेशीच वाढल्या, हे मिश्रणावरून कळत नाही.

आता एकेका पेशीतील आरएनए वेगळा मोजता येतो. ही तुलना न्यूट्रोफिलची न्यूट्रोफिलशी अशीच व्हायला हवी. तोवर बारावीच्या मुलांपुढे हे दोन मथळे शेजारी ठेवावेत आणि विचारावे: तुम्ही कोणती जनुके मोजली असती?