‘स्क्वीज’ : वर्ण वगळणाऱ्या एका फंक्शनची चिकित्सा

ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांच्या ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ (१९७८, दुसरी आवृत्ती १९८८) या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात स्ट्रिंगमधून दिलेला वर्ण वगळणारे ‘स्क्वीज’ हे छोटेसे फंक्शन येते. वास्तविक ते तेथे एकाने वाढ करणाऱ्या चिन्हाचे उदाहरण म्हणून आले आहे. तथापि त्याचे मोल त्याच्या रचनेत आहे. त्यात दोन निर्देशांक आहेत. पहिला प्रत्येक वर्ण वाचत जातो, दुसरा केवळ राखावयाचा वर्ण लिहून पुढे सरकतो. शेवटी नल वर्ण ठेवला की काम संपते. जादा ॲरे लागत नाही आणि फेरीही एकच होते.

याउलट, वर्ण सापडताच पुढील सर्व वर्ण एकेक घर डावीकडे ओढण्याची रीत विद्यार्थ्यांच्या वह्यांत पुष्कळदा आढळते. १००० वर्णांची स्ट्रिंग वगळावयाच्या वर्णानेच भरलेली असल्यास या रीतीत सुमारे ५ लक्ष वेळा वर्ण हलवावे लागतात. शिवाय ओढल्यानंतर निर्देशांक वाढविल्यास लागोपाठच्या दोन वर्णांपैकी दुसरा निसटतो. ‘बुक’ या इंग्रजी शब्दातील दोन ‘ओ’ घेऊन पाहिले की ही चूक तत्काळ ध्यानी येते.

‘स्क्वीज’ची खरी मर्यादा मात्र निराळी आहे. एक वर्ण म्हणजे एक बाइट, हे त्यात गृहीत धरलेले आहे. यूटीएफ-८ ही पद्धती १९९२ मधील असल्याने याचा दोष ग्रंथकर्त्यांना देता येत नाही. तो आजच्या अध्यापनाकडे जातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते, आणि एका बाइटशी होणारी तुलना ‘क’ ओळखू शकत नाही. त्याचा पहिला बाइट तेवढा वगळावा, तर तो (२२४) देवनागरीच्या सर्व चिन्हांना समान असल्याने सारा मजकूरच विद्रूप होतो.

तीनही बाइट एकत्र तपासले तरी प्रश्न सुटतोच असे नाही. ‘कमळ’मधून ‘क’ काढल्यास ‘मळ’ हा धड शब्द उरतो, ‘किरण’मधून काढल्यास आरंभी निराधार वेलांटी उरते, ‘पक्का’मध्ये ‘प’च्या मागे हलन्ताचे चिन्ह व काना एवढेच शिल्लक राहतात. तेव्हा ‘दिलेला वर्ण वगळा’ असा प्रश्न घालणाऱ्या प्राध्यापकाने वर्ण म्हणजे बाइट, युनिकोडचे चिन्ह की स्वरचिन्हासह संपूर्ण अक्षर, हे प्रश्नातच नमूद करावयास हवे.