वाङ्मयातील नक्षत्रे आणि डोळ्यांची साक्ष

मराठी टीकेने निसर्गवर्णनाचा विचार पुष्कळ केला आहे. कोणत्या कवीचा पाऊस अनुभवलेला आणि कोणाचा वाचलेला, हे आमचे टीकाकार बिनचूक सांगतात. परंतु रात्रीचे आकाश आले की हेच टीकाकार एकाएकी उदार होतात. आंब्याला भाद्रपदात मोहोर आणणाऱ्या कथालेखकास संपादक हसेल. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री चंद्रकोर दाखविणाऱ्याची कथा मात्र तोच संपादक आदराने छापील. कारण उघड आहे. आंबा दोघांनीही पाहिलेला असतो. चंद्र दोघांनीही वाचलेला असतो.

ही तक्रार क्षुल्लक वाटेल. वाङ्मय म्हणजे पंचांग नव्हे, असेही कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात चकोराची पिल्ले शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण वेचतात. तेथे पक्षिशास्त्र काढून बसणाऱ्यास आम्ही रसिक म्हणणार नाही. तो कविसंकेत आहे, आणि संकेताला साक्षीपुराव्याची गरज नसते. परंतु ज्या क्षणी लेखक तिथी सांगतो, प्रहर सांगतो, दिशा सांगतो, त्या क्षणी तो संकेताचे छत्र सोडून उघड्यावर येतो. शुद्ध द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेस दिसते आणि तासा-दोन तासांत मावळते. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. गोकुळाष्टमी पाळणाऱ्या घरात हे कोणी शिकवावे लागत नाही. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून दूर जात नाही. म्हणून आपल्या प्रदेशात तो मध्यरात्री माथ्यावर कधीही येऊ शकत नाही, मग नायिकेची विरहावस्था कितीही गंभीर असो.

आता मृगाचे पाहू, कारण येथे दोष केवळ कथालेखकांचा नाही, आम्हां शिक्षकांचाही आहे. जूनच्या ७ किंवा ८ तारखेस ‘मृग लागला’ असे आपण म्हणतो आणि वर्गातील मुले स्वाभाविकपणे विचारतात, ‘गुरुजी, मग तो दाखवा.’ दाखविता येत नाही. मृग लागणे म्हणजे सूर्य मृगशीर्ष नक्षत्रात येणे. त्या दिवसांत ते नक्षत्र सूर्याबरोबर उगवते, सूर्याबरोबर मावळते आणि म्हणून दिसतच नाही. मृग पाहावयाचा तो मार्गशीर्षात. त्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र ह्याच नक्षत्राच्या आसपास असतो, महिन्याचे नावही त्यावरूनच पडले. शेतकऱ्याचा मृग सूर्याचा, महिन्याचा मृग चंद्राचा, ही एवढी गोष्ट समजली की पावसाची सारी नक्षत्रे आणि बारा महिन्यांची नावे एकदम उलगडतात. ती न समजल्यामुळे पावसाळी रात्रीच्या वर्णनात मृगाच्या तारका ‘लुकलुकताना’ आम्ही वाचल्या आहेत, आणि त्या उताऱ्याखाली विद्यार्थ्यांना सौंदर्यस्थळे विचारलेलीही पाहिली आहेत.

मृगाच्या पोटात एका ओळीत रुतलेल्या तीन तारकांना ऐतरेय ब्राह्मणात त्रिकांड बाण म्हटले आहे. मृगरूप प्रजापतीला लागलेला तो बाण. खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांनाच ‘तिकांडे’ म्हटलेले ऐकू येते. सप्तर्षींचे खेड्यातले नाव तर ऋषींशी संबंधच ठेवीत नाही: चार तारकांची बाज आणि ती चोरून नेणारे तीन चोर. हे शब्द कोशात जाऊन बसण्यापूर्वी कोणी टिपून ठेवील काय, हा प्रश्न आम्हांस अनेक परिभाषा-समित्यांच्या कामाहून निकडीचा वाटतो. आज शहरातल्या मुलास ‘ओरायन’ ठाऊक असतो, तिकांडे ठाऊक नसते. आणि दिव्यांच्या उजेडामुळे दोन्ही दिसत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

वाङ्मय आणि आकाश ह्यांचा संबंध मराठीत ज्याने खऱ्या अर्थाने जोडला, तो ग्रंथकार व्यवसायाने शिक्षक होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) ह्यांच्या ‘ज्योतिर्विलास’ ह्या पुस्तकाचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. ह्या नावावर आम्ही क्षणभर थांबू इच्छितो. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे. तेवढ्या वेळात आकाश १२ अंश फिरते. हात ताठ पुढे धरून मूठ वळली तर ती सुमारे १० अंश झाकते, म्हणजे मुठीहून थोडे अधिक. एका बैठकीत, कोणतेही उपकरण न घेता, आकाश सरकलेले डोळ्यांनी जाणवावे इतकाच हा काळ आहे. योजून असो वा सहज असो, नाव ठेवणारा माणूस अंगणात बसलेला होता, एवढे त्यावरून दिसते.

त्यांचा मोठा ग्रंथ ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ साली निघाला. इतिहासग्रंथ म्हणून त्याचा गौरव सर्वत्र होतो. टीकाग्रंथ म्हणून तो कोणी वाचत नाही, ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटते. त्यातील कृत्तिकांचे प्रकरण पाहावे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा अर्थाचे एक वचन शतपथ ब्राह्मणात आहे. शेकडो पंडितांनी ते वाचले असेल, आणि अग्न्याधानाच्या प्रकरणातील एक स्तुतिवाक्य म्हणून पुढे गेले असतील. दीक्षितांनी ते साक्षीदाराच्या जबानीसारखे वाचले. पूर्वेपासून ढळत नाहीत म्हणजे ठीक पूर्वेस उगवतात; ठीक पूर्वेस उगवतात म्हणजे विषुववृत्तावर आहेत; आणि संपातचलनाच्या गणिताने कृत्तिका विषुववृत्तावर केव्हा होत्या हे काढता येते. उत्तर आले, शकापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे. एका वाक्यातील एका क्रियापदावर एवढे वजन देण्याचे धैर्य आधुनिक मराठी टीकेत आम्हांस क्वचितच दिसले.

हे वजन त्या क्रियापदास पेलते काय, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. केवळ अभिमानाने दीक्षितांचे नाव घेणे हा त्यांच्या पद्धतीचा अपमान होय. १८९३ साली टिळकांचा ‘ओरायन’ निघाला, जर्मनीत याकोबी ह्यांनी तशाच दिशेने अनुमान मांडले, आणि पुढल्याच वर्षी अमेरिकन पंडित व्हिटनी ह्यांनी दोघांवर कडक टीका केली. वेदवाङ्मयातील अशा वचनांना वेधाचे मोल द्यावे की नाही, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. शतपथाची रचना पुष्कळ अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील मानतात. मग ते वाक्य परंपरेने आलेले जुने वाक्य असावे, किंवा ‘पूर्व’ ह्या शब्दाचा अर्थच सैल असावा.

आमचे मत असे की, ह्या वादात दोन्ही पक्षांनी डोळ्यांस फारच कमी विचारले. कृत्तिकांचा पुंजका मंद आहे. क्षितिजाला टेकलेला असताना तो दिसत नाही. चार-पाच अंश वर आल्यावर प्रथम नजरेस पडतो, आणि गंगायमुनेच्या प्रदेशात तेवढा वर येईतो तो सुमारे अडीच अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. म्हणजे ज्यास तो प्रथमदर्शनी ठीक पूर्वेस दिसला, त्याच्यासाठी तो प्रत्यक्षात पूर्वेच्या किंचित उत्तरेस उगवत होता. विषुववृत्तापासून एक अंश ढळावयास त्या काळी कृत्तिकांना सुमारे १८० वर्षे लागत. तेव्हा एवढ्या एका गोष्टीने काळ सुमारे चारशे वर्षे अलीकडे येतो. ऋत्विजाची नजर आणखी दोन अंश चुकली असे धरले, तर आणखी तितक्याच वर्षांची सूट द्यावी लागते. ह्यामुळे दीक्षितांचे अनुमान कोसळत नाही. ते एका वर्षाचे न राहता काही शतकांचे होते. व्हिटनींच्या पक्षाला मात्र हे उत्तर पुरत नाही, कारण त्यांची शंका वाक्याच्या हेतूविषयी आहे. आणि हेतू मुठीने मोजता येत नाही.

ही परीक्षा शाळेच्या गच्चीवर करता येते. शुल्बसूत्रांत सांगितलेली रीत अशी: सपाट जमिनीवर सरळ शंकू रोवावा, त्याभोवती वर्तुळ काढावे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळात जेथे शिरते आणि दुपारनंतर जेथे बाहेर पडते ती दोन टिंबे जोडावी, पूर्वपश्चिम रेषा मिळाली. मग मार्गशीर्षापूर्वीच्या एखाद्या संध्याकाळी कृत्तिका उगवताना पाहाव्या. आज त्या पूर्वेपासून उत्तरेस सुमारे २५ ते २७ अंशांवर, म्हणजे अडीच मुठींहून थोड्या पलीकडे उगवतात. एवढे अंतर पाहून शतपथातील वाक्य पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यास संपातचलनावर व्याख्यान द्यावे लागत नाही. उंची मोजावयास कंपासपेटीतला कोनमापक, एक पोकळ नळी आणि दोऱ्याला बांधलेला ओळंबा पुरे. भास्कराचार्यांनी ज्याला ‘धीयंत्र’ म्हणून सर्व यंत्रांवर स्थान दिले, ती एक साधी काठी आणि तिच्यामागची बुद्धी होय. माळव्यातील शिक्षकांना तर सवाई जयसिंहाची उज्जयिनीची वेधशाळा जवळ आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या काळी, १९२३ मध्ये, तिची डागडुजी झाली. तेथील दिगंश यंत्र आणि भित्तियंत्र पाहताना मुलांना तारखांबरोबर त्यांचा उपयोगही सांगावा.

आमच्यासारख्या विखुरलेल्या मराठी समाजाला ह्या अभ्यासात एक सोय आहे, जी पुण्यामुंबईच्या माणसास नाही. ध्रुवाची उंची म्हणजे त्या गावचा अक्षांश. पणजीस ध्रुव दीड मुठीवर असतो, बेळगावास त्याहून जरासा वर, बडोदे व इंदूर येथे सव्वादोन मुठींवर, ग्वाल्हेरीस अडीच मुठींच्याही वर. मुंबईसाठी दिलेली संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ हैदराबादच्या घरात पाळली, तर उपवास वीसेक मिनिटे उगाच लांबतो. एकच पंचांग आणि एकच भाषा असूनही आपले आकाश एक नाही. आणि ह्या फरकाचा वाङ्मयाच्या वाचनाशी थेट संबंध आहे.

रघुवंशाच्या चौथ्या सर्गात अगस्त्याच्या उदयाने पाणी निवळते असे शरदाचे वर्णन आहे. टीकाकार ते कविसंकेतात घालतात. परंतु वराहमिहिराने बृहत्संहितेत अगस्त्याचा उदय प्रत्येक देशी गणिताने वेगळा काढावा असे सांगून, उज्जयिनीपुरता तो सूर्य कन्या राशीस ७ अंश उणे असताना होतो असे दिले आहे. संकेताला देशपरत्वे कोष्टक लागत नाही. अगस्त्य दक्षिणेकडचा तारा असल्याने तो दक्षिणेस आधी दिसू लागतो. पणजी आणि ग्वाल्हेर ह्यांत सुमारे तीन आठवड्यांचे अंतर पडते. गोव्यात त्या वेळी श्रावणाचे ढग भरलेले असतात, तेव्हा तेथील माणसास हा उदय बहुधा दिसतच नाही आणि पाणीही गढूळच असते. ग्वाल्हेरीस मात्र तो भाद्रपदाच्या सुमारास, पाऊस ओसरत असताना पहाटे दक्षिणेस दिसू लागतो, आणि नद्यांचे पाणी तेव्हा खरोखरच निवळू लागलेले असते. म्हणजे तो श्लोक उत्तरेकडच्या आकाशाखाली रचलेला आहे, हे आम्हांस श्लोकावरूनच कळते. गोमंतकातील आमच्या शिक्षकबंधूंनी तो शिकविताना मुलांना फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे उभे करावे. क्षितिजापासून दोन मुठींहून थोडा वर, व्याधाच्या खाली, तो तेजस्वी तारा त्यांना दिसेल. ग्वाल्हेरची मुले त्याच सुमारास तो एका मुठीवर पाहत असतील.