मस्टरबाहेरच्या आठवणी : एम्प्रेस मिल आणि नागपूरचे कामगार

नागपूरच्या एम्प्रेस मिलविषयी लिहिताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली आणि ती भरून काढायला सुरुवात केली, तेव्हा एका स्थानिक मारवाडी सावकाराने पैसे गुंतवायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे गिरणी भरभराटीला आली आणि त्याच सावकाराने कबूल केले, की टाटांनी सोने पुरले नव्हते. माती टाकून सोने काढले. गोष्ट चटकदार आहे आणि बहुधा खरीही असेल. पण तिच्यात माणसे दोनच आहेत, भांडवल घालणारा आणि भांडवल नाकारणारा. त्या खड्ड्यापर्यंत माती वाहून नेणारे कोणीच नाही.

एम्प्रेस मिलचा आजवरचा इतिहास या गोष्टीसारखाच लिहिला गेला आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याला खोटा म्हणण्याचे कारण नाही. पण तो एकाच बाजूने बोलतो, आणि दुसरी बाजू बोलू शकेल अशी माणसे आता थकत चालली आहेत. या लेखात मी दोन गोष्टी तपासणार आहे : प्रचलित इतिहास नेमके काय सांगतो, आणि कामगारांच्या आठवणींकडे गेलो तर त्या कशा वाचायच्या.

प्रचलित इतिहासाची बाजू भक्कम आहे. ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ १८७४ साली १५ लाख रुपयांच्या भांडवलावर उभी राहिली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा दिल्लीत होत होती त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात काम केलेले बेझनजी मेहता तिचे व्यवस्थापक झाले. रिंग पद्धतीच्या चात्यांचा प्रयोग देशात ज्यांनी अगदी लवकर केला, त्यांत ही गिरणी होती. कामगारांसाठी १८८६ साली पेन्शन फंड, १८९५ साली अपघाताची नुकसानभरपाई आणि १९०१ साली प्रॉव्हिडंट फंड सुरू झाल्याच्या नोंदी आहेत. कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात १९२३ साली आला आणि प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ साली. म्हणजे एका बाबतीत ही गिरणी कायद्याच्या २८ वर्षे पुढे होती आणि दुसऱ्या बाबतीत ५१ वर्षे. हे श्रेय काढून घेण्याचा माझा हेतू नाही.

मला खटकते ते या मजकुरांचे व्याकरण. फ्रँक हॅरिस यांचे १९२५ सालचे टाटाचरित्र घ्या किंवा आर. एम. लाला यांचे टाटा समूहावरचे लोकप्रिय पुस्तक घ्या. जिथे कामगारांचा विषय निघतो तिथे कर्ता मालक असतो, क्रियापद ‘दिले’ असते आणि कामगार चतुर्थी विभक्तीत उभा असतो. त्याला पेन्शन दिले, बक्षीस दिले, खेळांचे सामने दिले. या सोयी का सुरू झाल्या, याचे कारणही हीच परंपरा सांगते : नागपूरचा कामगार नियमित कामावर येत नसे, सणावाराला आणि घरच्या कामाला दांडी मारत असे. टाटांनी त्याला दंड करण्याऐवजी आमिष दाखवले. मालक म्हणून हा निर्णय शहाणपणाचा आणि माणुसकीचा होता. पण तो कामगार गैरहजर राहून कुठे जात होता, हा प्रश्न या पानांवर कोणी विचारत नाही. पेरणी-कापणीला गावी जाणारा माणूस गिरणीच्या दृष्टीने गैरहजर असतो. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने तो त्या दिवशीही कामावरच असतो. मस्टरवर फक्त पहिली नोंद होते.

आर्द्रतेच्या यंत्रांचेही तसेच. गिरणीत दमटपणा राखणारी यंत्रे बसवली, हे दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून सांगतात. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून खात्यात हवा दमट ठेवावी लागते, हे तंत्र बरोबरच आहे. पण नागपूरचा मे महिना ज्याला माहीत आहे, त्याला बंद खात्यातल्या दमट हवेत सुताचे आणि माणसाचे हित एकच नसते, हे वेगळे सांगायला नको. सुताची बाजू आपल्याला लेखी मिळते. अंगाची बाजू फक्त आठवणीत राहते.

या इतिहासाला छेद देणारा एक कागद नागपुरातच तयार झाला. जुलै १९४२मध्ये येथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. तिला जोडून २० जुलै रोजी महिलांची परिषद झाली आणि अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या. गिरण्या, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी तिथे मागण्या मांडल्या गेल्या : वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, दुखापतीची पुरेशी भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर महिना १५ रुपये पेन्शन. गिरण्यांत स्त्रियांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमाव्यात, अशीही मागणी होती.

हा ठराव मी १८८६, १८९५ आणि १९०१ या सनांशेजारी ठेवून वाचतो. ठराव साऱ्या देशासाठी होता. एका एम्प्रेस मिलविरुद्धची तक्रार म्हणून तो वाचणे चूक ठरेल. तरीही ज्या शहरात पेन्शन आणि अपघाताची भरपाई सुरू होऊन सुमारे अर्धे शतक झाले होते, त्याच शहरात मांडवात बसलेल्या स्त्रियांना नेमक्या याच दोन गोष्टी मागाव्या लागल्या. सोय सुरू झाली तो सन आणि ती शेवटच्या बाईपर्यंत पोचली तो सन एक नसतो. ‘पहिले’पणाच्या यादीत पहिला सन असतो, दुसरा कधीच नसतो. आणि देखरेखीला बाई हवी, ही मागणी तर कुठल्याच फंडाच्या हिशेबात बसत नाही. खात्यात बायकांना रोज काय सोसावे लागत होते, ते त्या एका ओळीवरून ओळखता येते.

मुंबईने या बाबतीत बरेच काम करून ठेवले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव उद्ध्वस्त झाले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी तिथल्या माणसांच्या तोंडून शतकाचा इतिहास जमा केला. ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने तो मराठीतही आला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने संपानंतरचे घर रंगभूमीवर आणले. नागपूरच्या वाट्याला असे काही का आले नाही? मराठी साहित्याचा मुंबईकडे असलेला कल हे एक कारण आहेच. मला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. मुंबईच्या आठवणीला एक तारीख आहे. संपाआधी आणि संपानंतर, अशी ती सांगता येते. एम्प्रेस मिल एका दिवशी कोसळली नाही. १९८६ साली टाटांच्या हातून ती सुटली, राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, तिथे रखडत चालली आणि २००२ साली कायमची थांबली. १६ वर्षांच्या आजारपणाचे नाटक लिहिणे कठीण असते. रडायला एक दिवस लागतो, तो नागपूरला मिळालाच नाही.

म्हणून इथल्या आठवणी अधिक काळजीने ऐकाव्या लागतील. इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचे या बाबतीतले काम मार्गदर्शक आहे. तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनाच्या वेळी लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीबारात मेला. पुढे अनेक कामगारांनी पोर्तेल्लींना सांगितले, की तो १९५३च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून बाजूला टाकली नाही. एवढे मोठे मरण एवढ्या मोठ्या कारणाशी जोडल्याशिवाय लोकांना सोसवत नव्हते, असे त्यांनी दाखवले. आठवणीतला सन चुकला होता. सल खरा होता.

एम्प्रेसबाबत हीच कसोटी लावावी लागेल. शेवटचे मालक वाईट निघाले की आधीचे मालक सोन्याचे वाटू लागतात. ‘टाटांच्या वेळी असे नव्हते’ या धर्तीची आठवण कानावर आली, तर तिला १९०१च्या प्रॉव्हिडंट फंडाचा पुरावा मानण्याची घाई नको. ती बहुधा १९८६ ते २००२ या काळाविषयी बोलत असेल. उलट बाजूने, कामगार म्हणतो ते सगळेच खरे, असा भाबडेपणाही नको. ज्याच्या आठवणीची उलटतपासणी होत नाही, त्याला आपण आदर देतो, पण साक्षीदार मानत नाही.

आणखी एक अडचण आपण अभ्यासकांनीच करून ठेवली आहे. नागपूरची कामगार-आठवण अगदीच लिहिलेली नाही, असे नाही. ती वेगळ्या कपाटात ठेवलेली आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ किंवा वसंत मून यांचे ‘वस्ती’ आपण आंबेडकरी चळवळीची पुस्तके म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेतच. पण गिरणीत जाणारी आणि गिरणीतून परतणारी माणसे अशाच वस्त्यांत राहत होती. कामगार चळवळीचा अभ्यासक रा. स. रुईकरांपासून सुरुवात करतो, दलित साहित्याचा अभ्यासक ‘वस्ती’पासून, दोघांची गाठ पडत नाही. मुंबईत डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे विचारला होता, की अस्पृश्यांना विणाई खात्यात काम का मिळत नाही. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि तिथे विटाळ आड येई. कामगारांची एकजूट त्या धाग्याशी अडत होती. नागपुरात मागावर कोण होते, सूतकताईत कोण, रीलिंगला कोणाच्या घरच्या बायका होत्या आणि पाण्याचा नळ कोणता कोणाचा, हे विचारल्याशिवाय एम्प्रेसची कुठलीही आठवण पुरी होणार नाही.

हे विचारायला वेळ किती आहे? हिशेब सोपा आहे. १९६५ साली विसाव्या वर्षी गिरणीत लागलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. टाटांचा काळ, महामंडळाचा काळ आणि बंद फाटक, हे तिन्ही पाहिलेली पिढी तीच. गिरणीची जागा बाजारपेठेने आणि इमारतींनी भरली आहे. नाव तेवढे मॉलच्या पाटीवर उरले आहे. पाटीवरच्या नावाला आठवण लागत नाही.

म्हणून विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी आणि विशेषतः तरुण अभ्यासकांनी हे काम हाती घ्यावे. सुरुवात मोठ्या प्रश्नांनी करू नये. ‘गिरणीने तुम्हाला काय दिले?’ असे विचारले की उत्तर पुन्हा चतुर्थीतच येते. तुम्ही कुठल्या खात्यात होता, बदलीवर किती वर्षे काढली, कायम कोणामुळे झालात, भोंगा झाल्यावर घरात काय काय सुरू व्हायचे, शेजारच्या मशीनवर कोण होते, तो आता कुठे आहे, असे विचारावे. बदली कामगार रोज फाटकाशी यायचा आणि काम मिळाले नाही तर परत जायचा; त्या फेऱ्यांची नोंद कुठल्याच मस्टरवर नाही. ती ज्याच्या पायांना आठवते, त्याच्याकडे आपण या हिवाळ्यात जायला हवे.