हवामान परिषदा आणि सातबारा नसलेला माणूस

हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय परिषदांतून काही निष्पन्न होते काय, या प्रश्नाला आपल्या वर्तुळात दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले असे, की हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे; ज्याच्या वस्तीची पाण्याची लढाई अजून संपलेली नाही त्याने पृथ्वीच्या तापमानाची उठाठेव करू नये. दुसरे असे, की या परिषदांत भारत गरीब जगाची बाजू मांडतो, म्हणून आपण शासनाच्या मागे उभे राहावे. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. पहिले उत्तर तर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात उभे राहून देताच येत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले आणि घाट चढून याच पट्ट्यात आले. महादेव कोळी आदिवासींची हिरड्याची झाडे मोडली, उन्मळली. भातावर इथले पोट भरते. पण मीठमिरची, कापडचोपड, मुलांची फी भागते ती बाळहिरड्याच्या पैशावर. भरपाई मागायला गेलेल्यांना कळले, की नुकसानीच्या शासकीय निकषांत हिरडा बसत नाही. झाड मोडलेले सर्वांना दिसत होते, निकषात शब्द नव्हता. तो बसवून घेण्यासाठी किसान सभेच्या झेंड्याखाली लोकांना काही वर्षे आंदोलने करावी लागली, तेव्हा कुठे शासनाने भरपाई मान्य केली.

मी भाषा शिकवणारा माणूस आहे. परिषदांचे दस्तऐवज मी याच दृष्टीने वाचतो: कोणता शब्द आहे, कोणता नाही, आणि जो नाही तो कोणाच्या सोयीसाठी नाही. १९९५ च्या बर्लिनपासून २०२५ च्या बेलेमपर्यंत अशा तीस परिषदा झाल्या. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये करार मंजूर होण्याच्या अगदी शेवटच्या घटकेला एक नाट्य घडले. उत्सर्जन कमी करण्यात श्रीमंत राष्ट्रांनी पुढाकार घ्यावा, या कलमात 'शॅल' हे क्रियापद होते. अमेरिकेने हरकत घेतली आणि मुद्रणदोष दुरुस्त करावा तशा थाटात तेथे 'शुड' आले. 'घेतलाच पाहिजे'चे 'घ्यावा' झाले. त्याच करारात 'हानी आणि नुकसान' यासाठी स्वतंत्र कलम मिळाले, हा गरीब राष्ट्रांचा मोठा विजय होता. पण सोबतच्या निर्णयाच्या ५१ व्या परिच्छेदात लिहून ठेवले, की या कलमाच्या आधारे कोणावर दायित्व येत नाही आणि भरपाई मागता येत नाही. सावकाराचे कागद ज्यांच्या आजोबांनी अंगठा लावून घरी आणले, त्यांना ही शैली नवी वाटू नये. आणि ही कसरत फक्त गोऱ्यांना जमते असेही नाही. २०२१ साली ग्लासगोला कोळशाचा वापर टप्प्याटप्प्याने 'बंद करणे' याऐवजी 'कमी करणे' हा शब्द शेवटच्या क्षणी घालून घेतला तो भारताने.

तरीही या परिषदा निव्वळ फोल आहेत असे मी म्हणणार नाही. पॅरिसपूर्वी शतकाअखेरची तापमानवाढ साडेतीन ते चार अंशांच्या घरात सांगितली जाई; आजचे अंदाज अडीच ते तीन अंशांच्या आसपास आहेत. याचे सारे श्रेय करारांना देता येणार नाही, पण काही अंशी ते द्यावेच लागेल. २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे हानी-नुकसानीसाठी निधी मान्य झाला, २०२३ मध्ये दुबईत त्यात पहिल्या रकमा जाहीर झाल्या. रकमा गरजेच्या मानाने नगण्य आहेत. पण माझा खरा आक्षेप रकमेवर नाही. तो पैसा राष्ट्राला मिळेल, आणि राष्ट्रात तो कोणाच्या नावे उतरेल, हा प्रश्न परिषदेत कोणी विचारत नाही.

नारायणगावच्या मजूर बाजारात सकाळी जाऊन पाहावे. पश्चिमेकडून उतरलेले आदिवासी आणि भूमिहीन माणसे तेथे कामासाठी उभी असतात. अवकाळी पावसाने द्राक्षे, कांदा, टोमॅटो गेले की तलाठी पंचनामा करतो. त्यात गट नंबर असतो, क्षेत्र असते, पीक असते; मदत हेक्टरी ठरते. बागायतदाराला ती मिळू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही, त्यालाही ती अपुरीच पडते. परंतु त्याच शिवारात ज्या बाईची पंधरा दिवसांची खुडणी बुडाली तिच्यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. तिच्याकडे सातबारा नाही, आणि तो का नाही याचे उत्तर हवामानशास्त्रात सापडणार नाही, जातिव्यवस्थेत सापडेल. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला जमीन मिळू दिली नाही, त्याचे नुकसान जमिनीच्या मापानेच मोजायचे, असा हा न्याय आहे.

माळीणचेही उदाहरण घ्यावे लागेल. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातील हे आदिवासी गाव डोंगराखाली गाडले गेले, १५१ माणसे मेली. कारणांबद्दल वाद झाला. मुसळधार पाऊस होताच, पण डोंगरउतारावरच्या सपाटीकरणाकडे बोट गेले आणि आदिवासींची पडकई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. माळीण हवामानबदलानेच गेले असे मी म्हणत नाही. मला एवढेच दिसते, की ज्यांच्या चुलीचा धूर जगाच्या धुरात मोजताही येणार नाही त्यांच्यावर डोंगर कोसळतो, तेव्हा जाब प्रथम त्यांच्याच कुदळीला विचारला जातो.

भारत परिषदेत 'दरडोई' उत्सर्जनाचा मुद्दा मांडतो. मुद्दा न्याय्य आहे. अमेरिकन माणसाच्या तुलनेत भारतीय माणूस फारच थोडा धूर सोडतो. पण सरासरीत मुंबईच्या टोलेजंग इमारतीतला वातानुकूलित माणूस आणि माळीणचा माणूस एकाच ओळीत बसतात. आपल्या दारिद्र्यामुळे देशाची सरासरी खाली राहते, त्या सरासरीवर देश जगाकडे हक्क मागतो, आणि घरी आल्यावर त्या हक्काचा हिशेब आपल्याला देत नाही. २००१ साली दरबानच्या वंशवादविरोधी परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न नेला, तेव्हा हेच राष्ट्र म्हणाले, की जात ही आमची अंतर्गत बाब आहे. दारिद्र्य जगापुढे मांडायचे आणि जात घरात झाकून ठेवायची! पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात आदिवासी समूह, स्थलांतरित, बालके, अपंग यांचे उल्लेख आहेत. बेलेमच्या काही निर्णयांत आफ्रिकी वंशाच्या लोकांचा उल्लेख आला. जन्माधारित जातीने ज्यांचे जगणे ठरवले त्यांच्यासाठी शब्द नाही. दरबाननंतर वर्षभरातच, २००२ मध्ये, वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जात ही वंशभेदाच्या व्याख्येत येते असे स्पष्ट केले, म्हणजे शब्द मिळवता येतो.

परिषद म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. चवदार तळ्याचे पाणी मात्र होते तेथेच राहिले. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली, आणि ती परिषद मंडपातून उठून तळ्यावर चालत गेली. बोले ठराव निरुपयोगी होता काय? नाही, त्याच ठरावाच्या बळावर बाबासाहेब तळ्यावर गेले, आणि पुढे दहा वर्षे खटला लढून १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकले. माझ्या मते हवामान परिषदा आज बोले ठरावाच्या अवस्थेत आहेत.

प्रशांत महासागरातील बेटांवरच्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांना हे आपल्याआधी कळले. २०१९ मध्ये त्यांनी वर्गातून मागणी सुरू केली, वानुआतू या चिमुकल्या राष्ट्राने ती उचलली, आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते. ते मत सल्ल्यापुरते आहे, हे खरे. पण ५१ व्या परिच्छेदाने बंद केलेले दार त्याने पुन्हा किलकिले केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांत वाचला. खटला माळढोक पक्ष्याचा होता. मजूर बाजारातला माणूस अजून त्या न्यायालयात पोहोचलेला नाही.

१९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला पर्यावरणाची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. इकडे महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता आणि माणसे खडी फोडत होती. त्या खडीवरच्या माणसांच्या रेट्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, आणि सातबारा नसलेल्याला मागेल तेव्हा कामाचा हक्क कागदावर मिळाला. गारपिटीने, वादळाने, अतिवृष्टीने बुडालेल्या रोजाचा रकाना पंचनाम्यात हवा, ही मागणी त्याच जातीची आहे. ती बेलेमला मांडण्यापूर्वी घोडेगाव आणि जुन्नरच्या तहसील कचेरीत मांडावी लागेल, आणि ग्रामसभांचे ठराव सोबत न्यावे लागतील.