चंद्रावर गुहा सापडली, पण नेमकं काय सापडलं?

२०२४ मध्ये ‘नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी’त एक शोधनिबंध आला आणि बातम्या झळकल्या: चंद्रावर राहायला गुहा मिळाली! निबंध मुळातून वाचलात, तर तो एवढं म्हणतच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. वाहत्या लाव्हाचा वरचा थर थिजतो, आतला वाहून जातो आणि मागे पोकळ नळी उरते. अशी नळी किरणोत्सर्गापासून आणि तापमानाच्या टोकांपासून आडोसा देऊ शकते. छत कोसळलं की वर खड्डा दिसतो.

इटलीतल्या ट्रेंटो विद्यापीठाच्या लिओनार्दो कारेर आणि सहकाऱ्यांनी ‘लूनार रिकनिसन्स ऑर्बिटर’च्या रडारची २०१० मधली नोंद पुन्हा तपासली. हे रडार तिरकं बघतं, म्हणून मेअर ट्रँक्विलिटाटिसमधल्या खड्ड्याच्या कडेखाली त्याची नजर थोडी आत गेली. तिथून आलेल्या चमकदार प्रतिध्वनीशी कोणता आकार जुळतो, हे त्यांनी संगणकावर प्रतिमानं बनवून पाहिलं. चौदा वर्षं जुन्या नोंदीतून एवढं काढणं, खरंच कमाल आहे!

आता आकडे बघा. खोली १३०–१७० मीटर, रुंदी सुमारे ४५ मीटर, लांबी ३० ते ८० मीटर. जमीन सपाट असेल किंवा ४५ अंशांपर्यंत उतरती. म्हणजे एकाच प्रतिध्वनीत राहण्याजोगी जागाही बसते आणि घसरगुंडीही! शिवाय लांबीचा आकडा रडारला दिसलेल्या भागाचा आहे, पुढे वाट आहे की दगडांचा ढीग, हे त्यातून कळत नाही. लेखकांनी या मर्यादा लिहिल्यात, मथळ्यांनी त्या गाळल्या.

पृथ्वीवर रडारचं मोजमाप तपासता येतं. कॅलिफोर्नियातल्या लाव्हा बेड्समध्ये नासाच्या ‘ट्यूबएक्स’ प्रकल्पाने जमिनीवरून भूभेदी रडार फिरवलं आणि त्याच नळ्यांच्या आत शिरून लायडारने मोजमापही केलं. ही पडताळणी का लागते? रडारची लहर बेसॉल्टपेक्षा पोकळीत अंदाजे तिप्पट वेगाने जाते. सगळीकडे बेसॉल्टचाच वेग धरलात, तर ३० मीटर उंच पोकळी १० मीटरची वाटेल. चंद्रावर आत शिरून मोजणारं अजून कुणी नाही.

म्हणून पुढची अशी बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा: छत किती जाड, जमीन किती उतरती, पडताळणी कशाने? माणसं आत उतरवायची, तर ही उत्तरं आधी हवीत.