आधी ऐकू द्या, मग घाबरवा

श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन'मध्ये (२०१८) पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये आकाश पियानो वाजवतोय. त्याने आंधळ्याचं सोंग घेतलंय आणि काही पावलांवर घरमालकाचं प्रेत पडलंय. मारेकरी आणि मृताची बायको खाणाखुणांनी बोलतात, रक्त पुसतात, प्रेत बॅगेत कोंबतात. त्यांना आवाज करून चालणार नाही, कारण आंधळा ऐकेल. आकाशला वाजवणं थांबवून चालणार नाही, कारण थांबला तर त्याने पाहिलंय हे उघड होईल. इथे पियानो पार्श्वसंगीत आहे, आकाशची ढाल आहे आणि गुन्हा झाकणारा पडदाही आहे. अलीकडच्या हिंदी थरारपटांत आवाजावर इतकं ओझं टाकून ते पेललेलं दुसरं दृश्य मला आठवत नाही.

त्या दृश्यात आवाज कथेच्या आतून येतो आणि पात्रांनाही ऐकू येतो. त्यामुळे प्रेक्षक नुसता घाबरत नाही, पात्रांबरोबर कान देऊन बसतो. ही वाट जुनी आहे. फ्रिट्झ लांगचा 'एम' १९३१चा, बोलपट नुकता बोलू लागला होता तेव्हाचा. त्यातला मुलांचा मारेकरी संगीतकार ग्रीगची एक धून शिट्टीवर वाजवतो. त्याच्या चेहऱ्याआधी शिट्टीच आपल्या ओळखीची होते आणि अखेर त्याला हेरतो तो फुगे विकणारा आंधळा. कोएन बंधूंच्या 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'मध्ये (२००७) नायक मॉस हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत बसलेला असतो. तो खाली फोन लावतो, फोन वाजत राहतो, कुणी उचलत नाही. मग पॅसेजमधली पावलं, दाराच्या फटीखाली सावली, आणि बल्ब फिरवून काढल्याची बारीक कुरकुर. संगीताचा एक सूर नाही, तरी त्या दोन-तीन मिनिटांत खुर्चीत सैल बसता येत नाही.

संगीत वाईट, असं मला म्हणायचं नाही. 'सायको'तल्या (१९६०) न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको असं हिचकॉकचं मत होतं. बर्नार्ड हरमननं केवळ तंतुवाद्यांवर रचलेला तुकडा ऐकवला आणि हिचकॉकनं मत बदललं. पण तीनच वर्षांनी 'द बर्ड्स'मध्ये त्याने नेहमीचं पार्श्वसंगीत पूर्ण वगळलं. शाळेबाहेरच्या बाकावर नायिका बसलीय, आतून मुलांचं गाणं येतंय, आणि तिच्या पाठीमागे खेळाच्या लोखंडी सांगाड्यावर एकेक कावळा उतरतोय. गाणं निरागस आहे, लांबत जाणारं आहे. ते संपेल तेव्हा काय होईल, ही धास्ती त्या लांबणीतच साठत जाते. संगीत कधी घ्यायचं आणि कधी नाही, याचा निर्णय दृश्यागणिक व्हावा लागतो. आपल्याकडे तो होत नाही, ही माझी तक्रार आहे.

आपल्याकडे परंपरा नव्हती असंही नाही. 'महल'मध्ये (१९४९) लताबाईंचा आवाज लांबून जवळ येतो. त्यासाठी त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्याचं त्यांनीच सांगितलं आहे. आवाजातलं अंतर म्हणजे रहस्य, हे तेव्हाच्या लोकांना उमगलं होतं. बी. आर. चोप्रांचा 'कानून' (१९६०) आणि यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (१९६९) हे तर एकही गाणं नसलेले चित्रपट. दोन्हींचं पार्श्वसंगीत सलील चौधरींचं.

मग घसरण कुठे झाली? माझ्या मते डबिंगमध्ये. कॅमेरे आवाज करणारे, सेटवर गोंगाट, म्हणून संवाद नंतर स्टुडिओत भरायची रीत पडली आणि कित्येक दशकं टिकली. बंद खोलीत माइकसमोर बोललेल्या संवादात त्या घराची घुम नसते, नटाची लागलेली धाप नसते. फॉलीवाले कलाकार पावलं, दारं, बांगड्या पुन्हा वाजवतात आणि ते कसबाचं काम आहे. पण वेळ आणि पैसा तोकडा असला की मोजकेच आवाज परत येतात. उरलेली पोकळी भरायला व्हायोलिनं आणि ढोल धावून येतात. 'लगान'नंतर (२००१) सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणावेळीच आवाज टिपणं, पुन्हा रुजला, नटांचा खरा श्वास पडद्यावर आला, तरी पोकळी भरायची सवय गेली नाही. 'कौन'मध्ये (१९९९) एकटी बाई, बंद घर आणि दारावरची बेल एवढं पुरेसं होतं. बेलनंतरची स्तब्धता मात्र संगीताने वारंवार मोडली. आता डॉल्बी अॅटमॉसमध्ये चौसष्टपर्यंत स्पीकरना वेगवेगळा आवाज देता येतो. एवढ्या सोयीतून अनेकदा हाती येतो तो दचकवणारा दणका, आणि दणक्याची सवय फार लवकर होते.

अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) शापित देव हस्तरचं नाव कानावर पडलं की साखळदंडातली म्हातारी झोपते. म्हणजे उच्चार हेच शस्त्र, आणि घाबरलेल्या पोराच्या तोंडून शब्द फुटत नाही तेव्हा आपलाही घसा कोरडा पडतो. मराठीत विशाल फुरियांच्या 'लपाछपी'नं उसाचा फड निवडला. डोक्याहून उंच पीक, दिसत काहीच नाही, कानांवरच भिस्त. तिथे पार्श्वसंगीत आणखी मागे ठेवलं असतं तर पाचटाची सळसळ कितीतरी जास्त बोलली असती.

मराठी निर्मात्यांकडे मोठे सेट नाहीत, व्हीएफएक्सचा पैसा नाही. आवाज त्यामानाने स्वस्त आहे. पण ध्वनिसंयोजकाला बहुतेक वेळा बोलावलं जातं ते संकलन संपल्यावर, प्रदर्शनाची तारीख डोक्यावर असताना. 'अंधाधुन'चा पियानो त्या टप्प्यावर घालता आला नसता. कोण काय ऐकतंय आणि कुणाला काय ऐकू जाता कामा नये, हे त्या प्रसंगाच्या कल्पनेतच होतं. पटकथेच्या पहिल्या वाचनाला संवादलेखक आणि छायालेखकाशेजारी ध्वनिसंयोजकाचीही खुर्ची हवी, आणि तिथे 'हा प्रसंग संगीताविना उभा राहतो का' हा प्रश्न त्याने विचारायला हवा.