मुलाचा ताबा कीं मुलाचा सांभाळ?

भारताच्या विधि आयोगाचा २५७ वा अहवाल मे २०१५ मध्यें बाहेर पडला. न्यायमूर्ति अजित प्रकाश शहा हे त्या वेळीं आयोगाचे अध्यक्ष होते. विभक्त झालेल्या आईबापांच्या मुलांचें पालकत्व व ताबा हा त्याचा विषय. सरकारी अहवालास वाङ्मयाच्या पंक्तीस बसवण्याची आपल्याकडे चाल नाहीं. परंतु ज्या लेखनांतील एकेका शब्दावर मुलाचें बालपण लोंबकळत असतें, त्याची परीक्षा टीकाकारानें करूं नये, हें आम्हांस मान्य नाहीं.

शब्दाचें सामर्थ्य पाहावयाचें तर १९५६ चा हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायदा पाहावा. अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्या ‘नंतर’ आई, असें तो म्हणतो. या एका ‘नंतर’नें आईस दुय्यम ठरविलें. १९९९ मध्यें गीता हरिहरन यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ ‘बापाच्या अभावीं’ असा लावून थोडी वाट करून दिली. पण शब्द होता तेथेंच राहिला. तो काढून आईबापांस समान पायरीवर आणावें, ही अहवालाची शिफारस निःसंशय स्तुत्य आहे. संयुक्त ताब्याचा पर्याय न्यायाधीशास असावा, मात्र तोच मुलाच्या हिताचा असें आधींच गृहीत धरूं नये, हा त्याचा विवेकही आम्हांस पटतो. या शिफारशी अद्याप कायद्यांत उतरलेल्या नाहींत, ही खेदाची गोष्ट होय.

आमचा मतभेद पुढें सुरू होतो. अहवालांत परदेशांच्या कायद्यांचें समालोचन आहे; पण कायदा काय परवानगी देतो, आणि मुलें प्रत्यक्षांत कशीं राहतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णयाचा अधिकार दोघांस असणें निराळें, आणि मुलानें आळीपाळीनें दोन्ही घरीं राहणें निराळें. ही दुसरी पद्धति स्वीडनमध्यें १९८० च्या दशकाच्या मध्यास शंभरांत एखाद्याच मुलाच्या वांट्यास येई. आज विभक्त आईबापांच्या मुलांपैकीं सुमारें एकतृतीयांश मुलें तशीं राहतात. बेल्जमनें २००६ मध्यें समान निवासास अग्रक्रम दिला. ऑस्ट्रेलियानें त्याच वर्षीं समान जबाबदारीचें गृहीतक कायद्यांत घातलें, आणि २०२३ मध्यें तें स्वतःच काढून टाकलें. जपाननें घटस्फोटानंतरच्या संयुक्त पालकत्वास २०२४ मध्यें कोठें दार उघडलें. तात्पर्य, ही प्रथा किती रुजली हें कायद्याच्या कलमांवरून मोजतां येत नाहीं. घरें, शाळा आणि त्यांमधील अंतर यांवरून मोजावें लागतें.

आपल्याकडे कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें २०१३ मध्यें एका खटल्यांत वर्षाची सरळ वांटणी केली: जानेवारी ते जून मूल बापाकडे, जुलै ते डिसेंबर आईकडे. एका नगरांत दोन बिऱ्हाडें असतील तर हें साधेलही. आतां हाच निवाडा पुणें जिल्ह्यांतील पासलीस नेऊन पाहूं. तोरण्याच्या पश्चिमेचा हा डोंगराळ मुलूख. वेल्ह्याहून केळदकडे जाणारी वाट, आणि पावसाळ्यांत कोसळणारा पाऊस. तरुण माणसें पोटासाठीं पुण्यामुंबईस जाणार, हें येथें नवें नाहीं. आईबापांपैकीं एक गांवीं व एक शहरांत, अशा स्थितींत सहा महिन्यांची वांटणी म्हणजे वर्षांत दोनदां शाळा सोडणें. मुलास दोन घरें देतां येतात. दोन शाळा देतां येत नाहींत.

शिवाय कित्येक काडीमोडी न्यायालयाची पायरी चढतच नाहींत. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेंच रूढीनें होणारे घटस्फोट कायम ठेवले आहेत. चार माणसें बसून जेथें निकाल लागतो, तेथें मुलाचें काय करावयाचें हेंही तींच ठरवितात. आणि पुढें मूल वाढवितात ते बहुधा आजीआजोबा. अहवाल आजीआजोबांच्या सहवासाचा विचार करतो, पण तो भेटीगांठींचा एक भाग म्हणून. आमच्या समाजांत ते भेटीस येणारे पाहुणे नव्हेत, ते घराचा आधारच आहेत. आजोळ ही आपली जुनी संस्था: शाळेचे दिवस एका घरीं, सुट्टीचे दुसऱ्या घरीं, आणि दोन्हींकडे मूल घरचेंच. विभक्त आई माहेरीं परतली म्हणजे हेंच आजोळ मुलाचें रोजचें घर होतें, आणि सुट्टींत बापाच्या घराची वाट मोकळी राहूं शकते. संयुक्त पालकत्वाचें देशी रूप शोधावयाचें तर येथून आरंभ करावा. अर्थात् आजोळाचें गोडवे गाऊन बापाचा खर्च माफ करावा, किंवा मारहाण करणाऱ्यास मुलाच्या निमित्तानें घरांत वाट द्यावी, असें आम्ही सुचवीत नाहीं.

राहतां राहिला शब्द. ताबा शेताचा असतो, घराचा असतो. त्यावर तंटा करतां येतो आणि त्याची वांटणीही करतां येते. मुलाचा सांभाळ करावा लागतो, आणि सांभाळ वांटला तरी मूल वांटलें जात नाहीं. ‘नंतर’ या शब्दाची जी चिकित्सा आयोगानें केली, ती ‘ताबा’ या शब्दाचीही केली असती, तर पासलीच्या मुलासही हा अहवाल आपला वाटला असता.